हापशीच्या पाण्याचा दाखला

जानराव कंडक्टरांच्या घरी सकाळपासून एका पाच लिटरच्या कॅनवरून वाद पेटला होता. बेबीताईंचं म्हणणं, कॅन राखेनं लख्ख घासून न्यावा, पाणी मोठ्या ठिकाणी चाललंय. मुलगी पौर्णिमा म्हणत होती की राखेनं घासला तर वाशिमच्या प्रयोगशाळेत पाण्याऐवजी राखच सापडेल. जानरावांनी दोघींचंही ऐकून घेतलं, घड्याळाकडे तिसऱ्यांदा बघितलं, कॅन उचलून विहाराजवळच्या हापशीवर नेला, तीनदा विसळला आणि काठोकाठ भरला.

हे पाणी प्यायचं नव्हतं, तपासायचं होतं. रिठदला विहाराशेजारी अभ्यासिका मंजूर झाली होती. पौर्णिमा आणि गल्लीतल्या आणखी सहा पोरी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होत्या आणि तो बसून कुठे करायचा, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. घरात टीव्ही, ओट्यावर गप्पा, विहारात कुणाच्या तरी लग्नाची पंगत. पौर्णिमा तर सोयाबीनच्या पोत्यांवर बसून राज्यघटना वाचायची. अभ्यासिकेचा नकाशा झाला, जागेचा उतारा झाला, सगळं झालं आणि घोडं अडलं ते एका कागदावर. बांधकामाला जे पाणी वापरणार ते त्या लायकीचं आहे, असा दाखला हवा होता. महिनाअखेरपर्यंत तो फायलीला लागला नाही तर अभ्यासिका दुसऱ्या गावाला जाईल, असं तालुक्याच्या ऑफिसातून बजावून सांगितलं होतं.

जानरावांना हे काम म्हणजे हातचा मळ वाटला. एकतीस वर्षं त्यांनी याच रस्त्यावर माणसं पोचवली होती, कॅनभर पाणी पोचवायला कितीसा वेळ लागतो. त्यातून पाणी हा तर त्यांचा खास विषय. त्यांच्या आज्याला कुठल्याशा विहिरीवरून तहानलेलं हाकलून दिलं होतं. ती गोष्ट लहानपणी त्यांनी इतक्यांदा ऐकली की नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी ड्रायव्हरच्या सीटमागे पाण्याचा कॅन ठेवला आणि मागेल त्याला पाणी दिलं. जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. तिकीट मात्र विचारलं. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी रिसोड-वाशिम रस्त्यावर ‘पाणीवाले कंडक्टर’ म्हणून त्यांना शेंबडं पोरही ओळखत होतं, आणि घोटाळा झाला तो या ओळखीमुळेच.

गाडीत पाय ठेवतात तोच ड्रायव्हर अमरसिंगनं आरशातून हात केला. “जय भीम, कंडक्टर साहेब. पाणी घेऊनच निंगाले काय?”

“तपासाचं पाणी हाये, अमरसिंग. प्रयोगशाळेत चाललं.”

“तुमच्या पाण्याले कायचा तपास? द्या इकडं,” असं म्हणून अमरसिंगनं रिकामी बाटली मागे केली.

पाच लिटर आहेत, लागणार दोनच, असा हिशेब करून जानरावांनी बाटली भरली. मग पुढच्या सीटवरच्या म्हातारीनं पिशवीतून पेला काढला. तिला नाही म्हणायचं तर डोळ्यांपुढे आजा येऊन उभा राहिला. मग एका लेकराला गाडी लागली. त्याच्या आईनं त्याचं तोंड धुतलं, स्वतःचा पदर धुतला आणि शेजारच्या माणसाची चप्पलही धुऊन दिली, कारण झळ तिथवर पोचली होती. मधल्या थांब्यावर लग्नाला निघालेली मंडळी चढली. नवरदेवाच्या मामाला ठसका लागला होता आणि खोकून खोकून तो लाल झाला होता. वाशिम दिसू लागलं तेव्हा कॅनमध्ये नेमके दोन लिटर उरले होते आणि जानरावांनी तो पोटाशी घट्ट धरला होता.

तेवढ्यात गाडी कचकन थांबली. बॉनेटमधून वाफ निघत होती. अमरसिंग मागे वळला.

“साहेब, आता गाडीनंच मागतलं.”

“गाडीले मी देत नाही,” जानराव म्हणाले. “मी माणसाले देतो.”

“इतके माणसं उन्हात उभे करता काय मंग?” हे बोलली ती पहिला पेला प्यालेली म्हातारीच. तिच्या मागून नवरदेवाचा मामा बोलला, लेकराची आई बोलली, आणि अर्ध्या मिनिटात सगळी गाडी जानरावांना माणुसकी शिकवू लागली. गाडी वेळेवर वाशिमला पोचली आणि जानराव रिकामा कॅन घेऊन त्याच गाडीनं परत आले.

“कुठी हाये पाणी?” बेबीताईंनी दारातच विचारलं.

“गाडीत.”

“गाडीत काहून ठेवलं?”

“ठेवलं नाही वं. रेडिएटरमंधी हाये.”

त्या रात्री वाढताना बेबीताईंनी भाजीचं पातेलं मुद्दाम जरा जोरात आपटलं.

दुसऱ्या खेपेला दोन कॅन निघाले. एक लोकांसाठी आणि एक तपासणीसाठी. तपासणीच्या कॅनचं तोंड बेबीताईंनी फडक्यानं बांधून त्यावर सुतळीचे सात वेढे दिले होते. जानरावांनी गाडीत खिडकीजवळची सीट धरली, शेजारच्या सीटवर तो कॅन बसवला आणि नव्या कंडक्टरकडे दीड तिकीट मागितलं.

“अर्धं कोणाचं, काका?”

“या कॅनचं.”

“पाण्याले कुठी तिकीट असते काय?”

“सीट अडवली की तिकीट. हे मी एकतीस वर्षं लोकायले सांगतलं, आता सोताले सांगून राह्यलो.”

कंडक्टरनं बराच वेळ मशीनकडे पाहिलं आणि शेवटी ‘लहान मूल’ म्हणून तिकीट काढून दिलं. रस्त्यात तिघांनी त्या सीटवर हक्क सांगितला आणि तिघांनाही जानरावांनी तिकीट दाखवलं. लोकांचा कॅन निम्म्या वाटेतच संपला. पण सुतळीच्या सात वेढ्यांशी झटायला कुणाला सवड नव्हती आणि पाणी एकदाचं प्रयोगशाळेच्या टेबलावर जाऊन बसलं.

तिथल्या माणसानं मान वर न करता एक फॉर्म पुढे सरकवला. “भरा, खूण करा, सही करा.” नाव झालं, गाव झालं, स्रोत झाला. मग आला ‘पाण्याचा वापर’ आणि त्यापुढे दोन चौकटी. पहिली ‘पिण्यासाठी’, दुसरी ‘बांधकामासाठी’. जानरावांचा पेन क्षणभरही अडखळला नाही. ज्या पाण्यावर त्यांनी एकतीस वर्षं रस्ताभर लोक जगवले, ते पाणी सिमेंट कालवायचं आहे असं स्वतःच्या हातानं लिहायचं? त्यांनी पहिल्या चौकटीत खूण केली आणि शेजारी जागा होती म्हणून बारीक अक्षरात लिहिलं, ‘सर्व जाती-धर्माचे लोक पितात. आजवर तक्रार नाही.’ सही करताना त्यांची छाती दोन इंच फुगली होती.

चार दिवसांनी वाशिमला जाऊन त्यांनी रिपोर्ट घेतला. प्रत्येक रकान्यात पाणी पहिल्या नंबरनं पास. खाली शिक्का, ‘पिण्यास योग्य’. जानरावांनी तो तिथल्या तिथे लॅमिनेट करून घेतला, येताना गाडीत सगळ्यांना दाखवला आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या ऑफिसात रामकिसन क्लार्कच्या टेबलावर ठेवला. रामकिसन वाचू लागला आणि वाचता वाचता त्याचा चेहरा पडत गेला.

“जानरावभाऊ, हे काय आणलं तुमी? ‘पिण्यास योग्य’?”

“मंग? जरा जोरानं वाचा. साऱ्या ऑफिसले आयकू जाऊ द्या.”

“अहो, उन्हाळा सुरू हाये. टंचाईच्या दिवसात प्यायच्या पाण्यावर बांधकाम बंद असते. लोकं हे पाणी पेतात असं तुमीच लिवून देल्लं. आता हे बांधकामाले चालत नाही.”

जानराव खुर्चीवर बसले. मग त्यांनी विचारलं, “दौलतरावच्या जुन्या विहिरीचं आणू काय? ते कोणी पेत नाही. म्हशीबी वास घेऊन परतते.”

“काहून परतते?”

“खारं हाये.”

“खारं नाही चालत. सळई सडते त्यानं.”

“म्हंजे पाणी चांगलं पायजे.”

“पायजेच.”

“पर कोणी पेलं नाही पायजे.”

“बराबर.”

“असं पाणी तुमच्या पाहण्यात हाये काय कुठी?”

रामकिसननं पंख्याकडे बघत प्रामाणिकपणे विचार केला आणि नाही म्हणून सांगितलं. माणूस मनानं चांगला होता, म्हणून त्यानं मार्गही सांगितला. इंजिनियर मॅडम जागेवर पाहणीला येतील. ‘ग्रामस्थ हे पाणी पिण्यासाठी वापरत नाहीत’ असा शेरा त्यांनी लिहिला तर फाईल पुढे सरकेल. मॅडम गुरुवारी येणार आणि शुक्रवारी महिना संपणार होता.

बुधवारी संध्याकाळी विहारात बैठक भरली. पंचायतीच्या नळाला चार दिवसांआड पाणी येतं, पावडरचा वास मारतं, पण येतं. अभ्यासिका बांधून होईपर्यंत सगळ्यांनी तेच प्यायचं आणि हापशीला तोंड लावायचं नाही, असं ठरलं. सुरुवात गुरुवारी सूर्य उगवल्यापासून. कुणीही कुरकुर केली नाही. पौर्णिमानं पत्र्याच्या तुकड्यावर लाल रंगानं पाटी रंगवली, ‘हे पाणी पिण्यासाठी नाही’, आणि तारेनं हापशीला बांधली. जानराव ती पाटी पाहून जागीच उभे राहिले.

“पोरी, माह्या आज्याले विहिरीवर जे आयकवलं, थेच तू पाटीवर लिवून राह्यली.”

पौर्णिमाच्या हातातला ब्रश तसाच राहिला. “बाबा, दोन-तीन मयन्यांसाठी हाये. पोत्यावर बसून मी अजून किती दिवस वाचू?”

जानरावांना फार वाईट वाटलं. पोरीचं म्हणणं खरं होतं म्हणून आणखीच वाईट वाटलं. बेबीताईंनी हे सगळं बघितलं आणि एकच निर्णय दिला.

“तुमी उद्या जऊळक्याले जा, वच्छलाबाईकडं. बहिणीले भेटून या. तुमच्या तोंडून खोटं निंगत नाही अन् हातून नाही म्हणणं होत नाही. तुमी असले तर काम होत नाही.”

त्यामुळे गुरुवारी भर दुपारी जानराव थांब्यावर गाडीची वाट बघत उभे होते. ऊन असं की डांबराला चप्पल चिकटत होती. खांद्याला पिशवी, पिशवीत रामकिसननं परत दिलेला रिपोर्ट आणि नेहमीची दोन लिटरची बाटली. ती त्यांनी सूर्य उगवण्याआधीच भरून ठेवली होती, म्हणजे नियमही मोडला नव्हता. रिसोडची गाडी आली, अमरसिंगनं दार उघडलं आणि आतून एक तरुण बाई उतरली. चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले, हातात रिकामी बाटली.

“काका, पाणी मिळेल का हो इथे कुठे?”

हा प्रश्न जानरावांना विचारायचा म्हणजे उत्तराची वाट बघायचीही गरज नाही. बाई पीत राहिल्या. अमरसिंगनं दोनदा हॉर्न वाजवला, जानरावांनी हातानंच ‘जा’ म्हणून सांगितलं. तहानलेलं माणूस मध्येच सोडून गाडी धरायची त्यांची रीत नव्हती. गाडी गेली. बाईंनी बाटली खाली केली तेव्हा ती निम्म्याहून रिकामी झाली होती.

“किती गोड पाणी आहे. फिल्टरचं का?”

हे मात्र जानरावांना लागलं. “फिल्टरचं? आमच्या विहाराजवळच्या हापशीचं हाये, बाई. असं पाणी साऱ्या तालुक्यात नाही. सारं गाव हेच पेते.”

“अरे वा,” बाई तोंड पुसत म्हणाल्या. “मला तिथेच जायचंय. मी संगीता, इंजिनियर. ऑफिसची जीप बंद पडली म्हणून बसनं आले. तुमच्या त्या अभ्यासिकेची पाहणी आहे ना आज.”

जानरावांनी बाटली पिशवीत घातली. ते हापशीच्या दिशेनं चालू लागले. वाटेत मॅडम रस्ते, ऊन, जीप असं कायकाय बोलत होत्या आणि जानराव सगळ्याला “हो” म्हणत होते. आजपर्यंत पाणी देऊन त्यांना कधी पस्तावा झाला नव्हता. आज मात्र सोयाबीनच्या पोत्यावर बसलेली पौर्णिमा डोळ्यांपुढून हलत नव्हती.

हापशीपाशी गाव जमलं होतं. जऊळक्याला गेलेला नवरा मॅडमच्या मागून परत येताना पाहून बेबीताईंच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण त्यांनी लगेच पदर सावरला आणि कामाला लागल्या.

“या मॅडम. पाहा, पाटी लावेल हाये. हे पाणी आमी पेतच नाही.”

मॅडमनी पाटी वाचली. मग जानरावांकडे पाहिलं. “का बरं पीत नाही?”

“चांगलं नाही ना. ढोरं धुतो फक्त.”

जानरावांनी मॅडमच्या पाठीमागून जोरजोरात हात हलवले. त्यांना म्हणायचं होतं, थांब. बेबीताईंना वाटलं, नवरा म्हणतोय कमी पडतंय, आणखी सांग.

“पोट बिघडते, मॅडम. माह्या जावेनं मांगच्या साली एक पेला पेला होता, तीन दिवस उलट्या.”

जानरावांनी दोन्ही हात डोक्यावर मारून घेतले. बेबीताईंना वाटलं, अजूनही कमीच.

“अंगावर चट्टे उठते. केस गळते. लखमाबाईचे तर दात हालू लागले,” असं म्हणून त्यांनी लखमाबाईला पुढे ढकललं. लखमाबाईंचं वय ऐंशी. त्यांनी इमानदारीनं तोंड उघडून जे दोन दात उरले होते ते हलवून दाखवले.

संगीता मॅडमचा चेहरा आता लाल राहिला नव्हता. त्या हळूहळू ओट्यावर टेकल्या आणि पोटावर हात धरला. “मला जरा ढवळल्यासारखं होतंय.”

“पाहा,” बेबीताई गावाकडे वळून विजयानं म्हणाल्या, “नुसतं पाहूनच मॅडमले कसंतरी झालं.”

“किती वेळात होतात उलट्या?” मॅडमनी बारीक आवाजात विचारलं.

“अर्ध्या घंट्यात.”

मॅडमनी घड्याळ पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. जानरावांना ते बघवेना. आपलं पाणी प्यालेलं माणूस भीतीनं अर्धं होऊन ओट्यावर बसलंय, हे त्यांच्या एकतीस वर्षांत कधी घडलं नव्हतं. अभ्यासिका जाणार हे त्यांना कळत होतं. पौर्णिमा समोरच उभी होती, तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही.

“मॅडम, हे सारं खोटं हाये,” ते म्हणाले आणि पिशवीतून लॅमिनेट केलेला रिपोर्ट काढून त्यांच्या हातात दिला. “पाणी एक नंबर हाये. तुमाले काही होत नाही. हे पाहा, शिक्का हाये.”

मॅडमनी रिपोर्ट वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. चेहऱ्यावर रंग परत आला, पोटावरचा हात सुटला. गावात मात्र कुणी श्वास सोडला नाही. बेबीताई नवऱ्याकडे अशा बघत होत्या की त्या रात्री पातेल्यावर भागणार नव्हतं.

“तुमी मॅडमले पाणी पाजलं?” त्यांनी विचारलं.

“तहान लागली होती वं त्यायले.”

पौर्णिमा पुढे आली. “मॅडम, आई खोटं बोलली, आमी माफी मागतो. पर एक खरं हाये. आज सकाळपासून गावातलं कोणीबी हे पाणी पेलं नाही. बांधकाम होईपर्यंत पेणारबी नाही, नळाचं पेऊ. आमाले बसाले जागा पायजे. बाकी काही नको.”

मॅडमनी रिपोर्ट जानरावांना परत दिला. मग त्यांनी सगळ्यांकडे नजर फिरवली. “आज खरंच कोणी नाही प्यायलं? एक घोटसुद्धा?”

“नाही,” चार-पाच जण एकदम म्हणाले. लखमाबाईंनी तर सकाळचा चहाही सोडला होता, आणि ते त्यांनी फार दुःखानं सांगितलं.

“म्हणजे आज या हापशीचं पाणी प्यायलेली मी एकटीच,” मॅडम म्हणाल्या. “आणि मी काही इथली ग्रामस्थ नाही.”

त्यांनी फाईल मांडीवर घेतली, पेन उघडला आणि लिहू लागल्या. जानराव जवळ उभे होते, त्यांना वाचता आलं. ‘स्रोताचे पाणी चाचणीत चांगले आढळले. पाहणीच्या दिवशी एकही ग्रामस्थ सदर पाणी पिताना आढळला नाही. बांधकाम पूर्ण होईपर्यंत ग्रामस्थ पिण्यासाठी नळयोजनेचे पाणी वापरतील. पाटी लावलेली आहे. बांधकामास हरकत नाही.’ खाली सही, सहीखाली तारीख. एक शब्दही खोटा नव्हता. पौर्णिमानं ते वाचलं आणि तिला एकदम रडू फुटलं, मग हसू आलं, आणि बाकीच्या सहाही पोरी तिच्या अंगावर कोसळल्या. बेबीताईंनी पदरानं डोळे पुसले आणि नवऱ्याकडे आता जरा बऱ्या नजरेनं पाहिलं.

मॅडमनी फाईल पिशवीत घातली. “काका, परतीची गाडी कधी आहे?”

“साडेतीनले.”

“अजून एक तास आहे म्हणजे.” त्यांनी स्वतःची रिकामी बाटली काढली, इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “तेवढी भरून देता का? ते नळाचं नको.”

सगळं गाव एकाएकी दुसरीकडे बघू लागलं. जानराव हापशीकडे गेले, पाटीकडे पाठ करून अशा बेतानं उभे राहिले की लाल अक्षरातलं एक अक्षरही मॅडमना दिसू नये, आणि दांडा हापसू लागले.